चौदा तुकड्यांची एक नळी

परवा आयटीआयच्या गेटवर वेल्डिंग ट्रेडचा एक पोरगा भेटला. म्हणाला, "सर, आमच्या कामाला मरण नाही. सांधे काय कुठं जाणारेत?" मी मान डोलावली आणि निघालो. खरं तर तिथंच थांबून बोलायला हवं होतं.

सांधे जातात. गोष्ट सुरू होते प्लंबिंगच्या सामानापासून. पाइपलाइनला लागणारा 'टी' आठवा. 1940 साली अमेरिकेत ग्रे आणि त्याच्या साथीदारांना एक पेटंट मिळालं. सरळ नळी साच्यात ठेवायची, तोंडं बंद करायची, आत दाबाने द्रव भरायचा. फांदी बाहेर फुगून येते, जोड लागतच नाही. यालाच हायड्रोफॉर्मिंग म्हणतात.

ऐकायला फुग्यासारखं सोपं वाटतं. पण नुसता दाब दिला तर फुगवट्याजवळ पत्रा पातळ होतो आणि फाटतो. म्हणून दोन्ही टोकांकडून नळी आत रेटत राहावी लागते, म्हणजे तिथं धातू पुरतो. जास्त रेटलं की चुण्या पडतात! कारच्या टायरात हवा दोन-सव्वादोन बार; इथं दाब हजार बारच्याही वर जातो. मोठ्या नळीवर, हजारो वेळा, न चुकता हे जमायला पन्नास वर्षं गेली.

1990 च्या सुमारास क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये डॅशबोर्डमागचा आडवा दांडा असा बनून आला. मग 1997 ची शेवरले कॉर्व्हेट, केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यातली. तिच्या चौकटीच्या दोन लांब बाजू. आधी एकेक बाजू 14 तुकडे वेल्ड करून व्हायची. आता सहा इंच व्यासाची एकच नळी, वाकवून मग आतून पाण्याने फुगवलेली. चौकट आधीपेक्षा कितीतरी ताठ झाली. गिऱ्हाइकाचा फायदाच.

आणि ते 14 तुकडे जोडण्याचं काम? गाडीच्या कौतुकात तो विषय येत नाही. मी तरी कुठं काढला? वीस वर्षं एमआयडीसीच्या बातम्या देतोय: इतके कोटी, इतकी एकर, इतके रोजगार. "तुमच्याकडे वेल्डिंग किती, त्यातलं माणसाच्या हातचं किती?" हे एकदाही विचारलेलं नाही.

वेल्डिंग संपलं असं मी म्हणत नाही. साचा महाग असतो, थोड्या नगांना परवडत नाही. नळीही शेवटी कशाला तरी जोडावीच लागते. पण मोठ्या कारखान्यात तो उरलेला सांधा बहुतेक रोबोच मारतो.

उद्या त्या पोराला पुन्हा गाठणार आहे. प्रेस, पंप, सील सांभाळायलाही माणसं लागतात, हेही सांगेन. त्याच्या ट्रेडच्या पुस्तकात यातलं काय आहे, तेवढं बघायचंय.