अभनपूरहून राजीमकडे

रायपूर-धमतरी या छोट्या रेल्वेमार्गाला राजीमचा फाटा जेथे फुटत असे, ते स्थानक म्हणजे अभनपूर. ती चिमुकली गाडी आता इतिहासजमा झाली आणि २०२५ साली रायपूरहून रुंद मार्गाची गाडी येथे आली. तथापि माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजीमकडे लोटणारा यात्रेकरूंचा ओघ तोच आहे.

महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर एकीकडे राजीवलोचन विष्णू, तर प्रवाहाच्या मध्यभागी कुलेश्वर महादेव. गावाचे नाव राजीम नावाच्या एका तेलिणीवरून पडले, अशी आख्यायिका आहे. तुकोबांच्या अभंगांचे लेखन करणारे संताजी जगनाडेही तेली समाजातलेच. त्यामुळे ही कथा आम्हां मराठी माणसांना परकी वाटत नाही.

या प्रांताशी आमचा संबंध आला तो मात्र भक्तीने नव्हे, तलवारीने. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी झाली आणि पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून कारभार पाहिला. रामटेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले, दसऱ्याला सोने वाटण्याची चाल येथे रुजवली. हे सारे स्मरणीय खरे. परंतु राजाने देऊळ बांधले म्हणून रयतेत सलोखा नांदला, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. बिंबाजींच्या पश्चात आलेल्या सुभेदारी अमलाने रयतेकडून वसुली तेवढी केली, ही गोष्ट आपल्या स्मरणिकांतून सहसा गाळली जाते. त्याच काळात गिरौदपुरीचे गुरू घासीदास (जन्म १७५६) ‘सतनाम’ सांगत होते आणि माणसामाणसांत भेद नाही, हे ज्यांना देवळाची पायरीही वर्ज्य होती त्यांनाच प्रथम पटले.

आमच्या बाजूने खरा पूल बांधला तो माधवराव सप्रे यांनी. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या या मराठी गृहस्थाने समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले. शेजाऱ्याच्या भाषेत आपला धर्मविचार सांगणे हे देऊळ बांधण्याहून कठीण काम होय.

आणि त्याहूनही कठीण काम राजीमजवळच्या चमसूर गावच्या पं. सुंदरलाल शर्मा यांनी पत्करले. स्वतः ब्राह्मण असून त्यांनी सतनामी बांधवांना जानवी दिली. जानव्याने समता येते का, हा प्रश्न वेगळा. स्वजातीयांचा रोष मात्र त्यांनी पुरेपूर सोसला. १९२५ साली त्यांनी राजीवलोचनाच्या मंदिरप्रवेशासाठी लढा उभारला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, म्हणजे त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झालेला. १९३३ साली गांधीजी छत्तीसगढात आले, तेव्हा या कार्यात शर्मांना त्यांनी आपल्याहून वडीलकीचा मान दिला, असे येथील जुनी मंडळी अभिमानाने सांगत आली आहेत.