अक्षराचा हंगाम

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मला कळलं की मे महिन्यात आपल्याला काम नाही. ज्या कंपनीच्या वेबसाइटसाठी मी दोन वर्षं लेख लिहीत होते, तिचा चार ओळींचा मेल आला आणि विषय संपला. मुंबईतल्या खोलीचं भाडं आम्ही तिघी मिळून भरायचो. त्या महिन्याचं भरलं, बॅग उचलली आणि घरी आले. घर नाट्याला.

नाटे हे राजापूर तालुक्यातलं, खाडीच्या तोंडाजवळचं गाव. गावात यशवंतगड, खाडीपलीकडे जैतापूर, थोडं पुढे मुसाकाजीचं बंदर आणि आंबोळगड. मे महिन्यात इथे कुणीच रिकामं नसतं. आंबे उतरवायचे असतात, पेट्या भरायच्या असतात, काजू, कोकमं, सुकी मासळी, सरपण, सगळं पावसाआधी उरकायचं असतं. त्या गर्दीत मी एकटी लॅपटॉप उघडून काम शोधत बसलेली. दोन दिवस बघून आई म्हणाली, "लिहिता येतं ना तुला? मग पोरांना शिकव. मुंबैची पोरं आल्येत, दिवसभर मोबाइल घेऊन लोळतात."

असा माझा सुंदर हस्ताक्षराचा उन्हाळी वर्ग सुरू झाला. आमचीच पडवी, सकाळी आठ ते साडेनऊ, तीन आठवडे, फी ४०० रुपये. चौदा मुलं आली. शेजारचे काका जाताजाता म्हणाले, "काय, पंतोजी झालीस?" मी हसले. पण पहिल्याच आठवड्यात वाडीतले एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आले आणि माझं हसू ओसरलं.

"तू लिवायला शिकवतेस ना गो बाय? मग येवढा वाचून दे."

कागदावर पंचम जॉर्जच्या चेहऱ्याचा शिक्का होता आणि खाली सलग, एकमेकींत अडकलेल्या ओळी. मोडी. आजोबांच्या आजोबांची वरकस जमीन त्या कागदावरून गेली होती, एवढंच त्यांना ऐकून ठाऊक होतं. विकली होती की गहाण ठेवली होती, याबद्दल घरात दोन तट होते. मी कागद उलटा-सुलटा करून बघितला. मला एक अक्षर लागलं नाही. लेखन शिकवणारी बाई, पण आपल्याच गावातलं, शंभर वर्षंही न झालेलं लेखन तिला वाचता येत नाही. मी कागदाचा फोटो काढून घेतला आणि त्यांना म्हटलं, "जरा वेळ द्या."

त्या वेळात मी दोन गोष्टी केल्या. मोडीची बाराखडी गिरवायला घेतली, आणि आपल्याआधी लिहिण्यावर पोट भरणाऱ्यांना काम कसं मिळत होतं, ते वाचायला लागले.

पहिलाच माणूस आमच्या तालुक्यात सापडला. बाळाजी आवजी, शिवाजी महाराजांचे चिटणीस. चिटणीस घराण्याच्या परंपरेतली हकिकत अशी : बाळाजीचे वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांना मारलं गेलं, आणि त्यांची बायको व तीन मुलगे विकण्यासाठी गलबतावर चढवले गेले. त्या बाईने गलबत राजापूरला न्यायला लावलं, कारण तिथे तिचा भाऊ होता. त्याने पैसे मोजून बहिणीला आणि भाच्यांना सोडवलं. मग बाळाजी राजापुरात कारकुनी करू लागला. त्याचं अक्षर महाराजांच्या नजरेला पडलं आणि त्याला थेट चिटणिशी मिळाली.

दुसरी गोष्ट अनेकांनी शाळेत ऐकली असेल. महाराजांनी एक पत्र लिहायला सांगितलं होतं. दिवसभराच्या गडबडीत ते राहून गेलं. रात्री महाराज म्हणाले, वाचून दाखव. बाळाजीने कोरा कागद हातात धरला आणि न अडखळता अख्खं पत्र 'वाचलं'.

या गोष्टी सांगणारं घराणं बाळाजीचंच आहे, हे विसरून चालत नाही. पुढे त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणिसाने छत्रपतींची बखर लिहिली. लेखणी ज्याच्या हातात, त्याच्या पूर्वजांची कथा टिकते. पण तपशील बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. विकायला काढलेल्या मुलाकडे ना जमीन होती, ना घोडा, ना वशिला. अक्षर होतं. बाकी सगळं काढून घेता येतं, हे घेता येत नाही. ते अक्षर त्याला गादीजवळ घेऊन गेलं, तशी ती जागा जोखमीचीही ठरली. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या हुकमाने बाळाजी आवजीला देहदंड झाला. राज्याची पत्रं ज्याच्या हातून जातात, तो कटाच्या संशयातूनही सुटत नाही.

बाळाजीला कायमची जागा मिळाली. पण बहुतेकांची विद्येवरची कमाई हंगामी असे. पेशवाईत श्रावण आला की पुण्याची वाट धरणाऱ्यांत कोकणातले ब्राह्मणही असत. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. तिथे दक्षिणा वाटली जाई, आणि मोठ्या विद्वानांना त्यांच्या विद्येप्रमाणे जास्त मिळे. वर्षातून एकदा विद्येचे पैसे होत, आणि तेही एकाच जातीच्या विद्येचे. १८१८ नंतर इंग्रजांनी ही रक्कम वर्षाला ५०,००० रुपयांवर आणली. १८२१ मध्ये त्यातल्या काही पैशांतून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी अर्ज केला की हा पैसा मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही द्या. सनातनी मंडळी खवळली, पण १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. मराठीत चांगलं पुस्तक लिहिलं तर बक्षीस मिळू लागलं आणि त्यासाठी वेदपठण येण्याची अट उरली नाही. आज आपण ज्याला मानधन म्हणतो, त्याची एक पायवाट या भांडणातून निघालेली आहे.

गावात मात्र लिहायला शिकवायचा तो पंतोजी. त्याची शाळा कुणाच्या तरी ओटीवर किंवा देवळात भरे. मुलं धुळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत. फी कधी थोडी रोख, कधी धान्य, सणाला काहीतरी वर. सरकारी शाळा आल्या तसा पंतोजीचा मास्तर झाला आणि मास्तर होण्यासाठी परीक्षा आली.

त्या परीक्षेची सगळ्यात दमवणारी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडची आहे. १८७५ मधला पावसाळा. धोंडो केशव कर्वे तेव्हा सतरा वर्षांचे होते. शाळेत नोकरी हवी तर सहावीची सरकारी परीक्षा हवी, आणि परीक्षेचं ठिकाण दूर. समुद्र खवळलेला, बोटीचा भरवसा नाही. म्हणून ते आणि त्यांचे सोबती चालत निघाले. मुरुडहून साताऱ्याला, सुमारे ११० मैल, पावसात, घाट चढून. परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून बसूच दिलं नाही. पुढे आयुष्यात काय काय सोसलेल्या या माणसाने 'आत्मवृत्ता'त ही निराशा नोंदवून ठेवली आहे. मी ते पान पडवीत बसून फोनवर वाचलं, आणि मला आलेला चार ओळींचा मेल एकदम लहान वाटला.

याच कर्व्यांनी पुढे मुंबईत शिकवण्या करून शिक्षण पुरं केलं. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर सुटी लागली की ते अनाथ बालिकाश्रमासाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरत. शिक्षकाची उन्हाळी सुटी म्हणजे विश्रांती, हे त्यांच्या बाबतीत कधी खरं नव्हतं.

लेखकांचाही एक उन्हाळी हंगाम आहे. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या वर्षाला एक सुगी जोडली गेली. अंक दिवाळीत येतो, पण त्याची पेरणी उन्हाळ्यात होते. संपादकांची पत्रं मे-जूनच्या सुमारास सुटतात, पाऊस चालू असताना कथा लिहून होतात, गणपतीच्या आसपास मजकूर छपाईला लागतो. भातशेतीचंच वेळापत्रक. पीक मात्र सगळ्यांना सारखं येत नाही. मलाही या मे महिन्यात एका अंकाकडून मेसेज आला : 'कथा अवश्य पाठवा. मानधन देणे शक्य होणार नाही.' मी कथा पाठवणार आहे. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

इकडे मोडी हळूहळू लागू लागली होती. मोडीत आधी शिरोरेषा ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात. हात कमीत कमी उचलायचा, कारण वेग हवा. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड जवळपास नाही. ही घाईत असलेल्या माणसाची लिपी आहे, पत्रं आणि हिशेब दिवसात हातावेगळे करणाऱ्याची. छापखान्याने बाळबोध उचलली, स्वातंत्र्यानंतर शाळांतूनही मोडी गेली आणि दोन पिढ्यांत कपाटांतले कागद मुके झाले. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि अचानक सगळ्या कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली. वर्षानुवर्षं ज्यांना छंदिष्ट समजलं गेलं, त्यांच्याकडे रांगा लागल्या. अक्षराचा हंगाम कधी येईल याचा नेम नसतो. आला तेव्हा तुम्हाला ते येत असावं लागतं, एवढंच.

वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात मी आजोबांच्या कागदाचा फोटो एका जाणकारांना पाठवला. त्यांनी पानामागे ठरलेले पैसे घेऊन तो उतरवून दिला. ते गहाणखत होतं. खरेदीखत नव्हतं. आता इतक्या वर्षांनी त्याचा काय उपयोग, ते वकील सांगेल, हे मी आजोबांना स्पष्ट सांगितलं. पण शेवटच्या दोन ओळी मी त्यांना मूळ कागदावरून, बोट ठेवून, स्वतः वाचून दाखवल्या. एका ओळीत कागद लिहिणाऱ्याचं नाव होतं. दुसरीत आजोबांच्या आजोबांचं नाव, आणि त्यापुढे 'निशाणी नांगर'. शेजारी शाईने काढलेला छोटासा नांगर. ज्याला सही येत नव्हती त्याची ती सही.

आजोबा बराच वेळ त्या नांगराकडे बघत राहिले. "त्याला काय वाचून दाखवलानी असंल तवा?" ते म्हणाले. "जा लिवलं ताच वाचलानी असंल का?"

मला बाळाजीचा कोरा कागद आठवला. ती गोष्ट मी आजवर हुशारीची म्हणून ऐकली होती. नांगर काढणाऱ्याच्या बाजूने ती वेगळीच दिसते. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक कागद कोराच असतो, आणि वाचणारा त्यावर काय वाचेल ते वाचणाऱ्याच्या इमानावर असतं. लिहिण्याची मजुरी नुसत्या वळणदार अक्षराची नसते. ती या विश्वासाची असते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी वळणं बाजूला ठेवली. चौदा मुलांना सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना विचारा, त्यांची एक आठवण ते सांगतील तशीच लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. ते म्हणाले, असं नाही, तर खोडा आणि परत लिहा. पोरांनी वह्या भरपूर खोडल्या. सुंदर हस्ताक्षराच्या वर्गातली ती सगळ्यात गिचमिड पानं होती.

आजोबा शनिवारी परत आले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी दुमडलेल्या नोटा काढल्या, मोजून दोनशे रुपये झाले. मी आधी नको म्हणणार होते. मग घेतले. बाळाजी आवजीही फुकट लिहीत नव्हता.