संचलन दिल्लीत, डोळे गावात

मंडळी, पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आज घरोघरी बटण दाबले, की जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेला खेळांचा उद्घाटन-सोहळा समोर उभा राहतो. हे इतके अंगवळणी पडले आहे, की इथवर यायला किती मजल मारावी लागली, याचा विसरच पडतो. ती मजल आज पाहू या.

पहिला टप्पा १९२० चा, बेल्जममधल्या अँटवर्प ऑलिंपिकचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती सर दोराबजी टाटांनी पाहिल्या आणि त्यांच्या खटपटीने भारताचा लहानसा संघ तिकडे गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल होते. पाच कड्यांचा ध्वज ऑलिंपिकात प्रथम तिथेच फडकला, खेळाडूंची शपथही प्रथम तिथेच झाली. पण घरच्या माणसांना यातले काय दिसले? काहीच नाही. वर्तमानपत्रात छापून येईल तेवढे खरे!

दुसरा टप्पा ४ मार्च १९५१ चा. त्या दिवशी दिल्लीत पहिले आशियाई खेळ सुरू झाले. अकरा देश आले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केले. देशात दूरदर्शन नव्हते. चावडीवरचा रेडिओ नाहीतर शाळेत येणारे वर्तमानपत्र, हाच खेड्याचा आधार. कानांनी ऐकायचे आणि चित्र ज्याचे त्याने मनात रंगवायचे.

तिसरा टप्पा १९ नोव्हेंबर १९८२ चा. पुन्हा दिल्ली, पुन्हा आशियाई खेळ. पण आता तेहेतीस देश, आणि चित्र रंगीत. राष्ट्रपती झैलसिंग यांनी उद्घाटन केले. हॉकीपटू बलबीरसिंग आणि डायना सिम्स यांनी ज्योत पेटवली. अप्पू हत्ती तर पोरांच्या तोंडी बसला. त्या दिवसांत ज्याच्या घरी संच, त्याच्या ओटीवर अख्खी आळी जमायची.

आता आपल्या भागाकडे वळू. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरचे. १९६९ मध्ये ते सुरू झाले आणि त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांना मिळू लागली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला निघाले. म्हणजे वीज इथे तयार होत होती आणि चित्र मुंबईहून निघत होते. तरीही, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या कित्येक पाड्यांवर साधा दिवा लागायलाही पुढे बरीच वर्षे गेली. उजेड जवळ असला म्हणजे तो घरात येतोच असे नाही. त्याला तार ओढावी लागते आणि ती ओढणारा माणूसही लागतो.

कोणी म्हणेल, "पाड्यावर सोहळा दिसला नाही, तर एवढे काय बिघडले?" बिघडते, मंडळी. या सोहळ्यात आतषबाजीपेक्षा संचलन मोलाचे. चार खेळाडूंचा देश आणि चारशे खेळाडूंचा देश एकाच वाटेने, आपापला ध्वज घेऊन जातात. यजमान सर्वांत शेवटी येतो. पाहुण्याला पुढे आणि घरच्याने मागे, ही रीत आपल्या पंगतीचीच नव्हे काय? ज्याला हे दिसले, त्याला जगाच्या पंगतीत आपलेही पान मांडलेले आहे हे कळले. आपला कबड्डीचा खेळ १९८२ मध्ये तिथे नुसता प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत तो पदकासाठी खेळला गेला. हुतूतू घालणाऱ्या मुलाला ही गोष्ट माहीत असणे आणि नसणे यांत पुष्कळ अंतर आहे.

आणखी एक ध्यानात घ्या. वारल्यांच्या तारपा नाचात वादक मधे असतो, बाकीचे हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. बघता बघता बघणाराही फेरात शिरतो. पडद्यावरचा सोहळा असा हात धरून ओढत नाही. माणसाला बसवून ठेवतो. म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, पुढचा सोहळा मुलांबरोबर पाहाल तेव्हा भिंतीवर नकाशा लावा. एखादा न ऐकलेला देश आला, की तो मुलांकडून शोधून घ्या. आणि दुसऱ्या दिवशी पटांगणावर फक्की मारून मैदान आखायला विसरू नका.