घरांतील गुप्त ठेव

घरांतील वडीलधारें माणूस गेलें म्हणजे त्याच्यामागें दोन कामें उरतात. एक धर्मकृत्यांचें व दुसरें निरवानिरवीचें. पहिलें काम भटजी सांगतील तसें पार पडतें. दुसऱ्याला पोथी नाहीं. माझी आत्या वयाची नव्वदी ओलांडून गेल्या वर्षीं वारली. १९५२ सालीं, ऐन बाविशींत, तिला वैधव्य आलें आणि तेव्हांपासून ती आमच्याच घरीं राहिली. तिच्या मागें कोठीची खोली आवरतांना तांदळाच्या पिंपाच्या तळाशीं एक पितळी डबा सांपडला. त्यांत पंचम जॉर्जच्या छापाचे २१ चांदीचे रुपये, पांचशेंच्या ८ जुन्या नोटा आणि पोस्टाच्या बचत खात्याचें एक पुस्तक होतें. नोटा ज्या कागदांत गुंडाळल्या होत्या, त्यावर तिच्या अक्षरांत तीनच शब्द होते : ‘माझ्या दिवसांच्या खर्चासाठीं.’

घरांतील मुलांना या डब्याची गंमत वाटली. मला मात्र इतिहास शिकविणाराची जुनी संवय सुटेना. हा डबा कोणत्या परंपरेंतला, असा विचार मनांत आला. आणि तोच आज आपणांपुढें मांडतों.

धन लपवून ठेवण्याची रीत आपल्या देशांत फार जुनी आहे. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंबी म्हणून गांव आहे. तेथें १९०६ सालीं क्षहरात राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा मिळाला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं आणि त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. नहपानाचा पाडाव सातवाहनांनीं केला, याचा इतका रोकडा पुरावा दुसरा क्वचितच असेल. इतिहासाचा असा लाभ झाला खरा; परंतु ज्यानें तें धन ठेविलें त्याला तें परत मिळालें नाहीं, आणि त्याच्या मुलाबाळांनाही नाहीं. सांपडलेल्या प्रत्येक गुप्तधनामागें न परतलेला एक मालक असतो, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

पुरलेल्या धनाचे तंटे इतके होत कीं, सरकारास १८७८ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. जमिनींत किंवा जमिनीला जोडलेल्या वास्तूंत दडविलेलें, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडलें, तर सांपडणारानें कलेक्टरास लेखी कळवावें. खरा मालक पुढें न आल्यास, आणि दुसरा कांहीं करार नसल्यास, तीन हिस्से सांपडणारास व एक हिस्सा जागेच्या मालकास मिळावा, असें त्यांत ठरविलें आहे. आत्याच्या पिंपाला हा कायदा लागूं पडत नाहीं. तिच्या डब्याला वेगळेंच कायदे कारणीभूत झाले होते.

आपल्या धर्मशास्त्रानें स्त्रीधन मानिलें आहे. विवाहांत आईबापांनीं दिलेलें द्रव्य व दागिने हे स्त्रीच्या मालकीचे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत स्त्रीधनाचा अर्थ बराच व्यापक केलेला आहे. पण नवऱ्याच्या एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत विधवेला अन्नवस्त्रापलीकडे हक्क नसे. १९३७ च्या कायद्यानें तिला नवऱ्याच्या हिश्शावर अधिकार मिळाला. परंतु तो तिच्या हयातीपुरताच. गरजेवांचून ती तो हिस्सा विकूं शकत नव्हती, आणि तिच्या मागें तो नवऱ्याच्या वारसांकडे परत जाई. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें तिला पूर्ण मालकी दिली. तेव्हां आमच्या आत्याच्या वैधव्याला चार वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि मनाची घडण कायद्याच्या तारखेनें पालटत नाहीं. जें हातांत आहे तेवढेंच आपलें, आणि तें कोणाला दिसलें नाहीं तरच आपलें, हा धडा तिनें आधींच गिरविला होता.

डब्यांतील तें पोस्टाचें पुस्तक मात्र दुसऱ्या परंपरेंतलें. १ एप्रिल १८८२ रोजीं आपल्याकडे पोस्टाची बचत बँक सुरू झाली. मोठ्या पेढीची पायरी चढण्यास जो कचरे, त्यालाही आपल्या ओळखीच्या टपाल कचेरींत लहानशी रक्कम ठेवतां येऊं लागली. पापड-लोणचीं करून मिळालेले पैसे आत्या तेथें भरीत असे. पुस्तकांतील एकेक नोंद पांच-दहा रुपयांची आहे.

आतां नोटांची आणि नाण्यांची कथा ऐका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सरकारनें जुने चांदीचे रुपये चलनांतून काढून घेतले. १९४३ पर्यंत व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड व पंचम जॉर्ज यांचे चांदीचे रुपये व्यवहारांतून गेले. तरीही तोळाभर वजनाच्या त्या रुपयांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी होती, ती कोठें जाणार? नोटेचें तसें नाहीं. १९४६ सालीं पांचशें, हजार व दहा हजार रुपयांच्या, १९७८ सालीं हजार, पांच हजार व दहा हजारांच्या, आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजारांच्या नोटा रद्द झाल्या. राजाचा शिक्का उतरला तरी रुपयाची चांदी उरली. सरकारचा शब्द फिरल्यावर नोटेचा नुसता कागद राहिला.

२०१६ सालीं नोटा बँकेंत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. त्या दिवसांत मीं आत्याला विचारलें होतें, “आत्या, तुझ्याजवळ जुन्या नोटा आहेत का?” “माझ्याजवळ कुठल्या रे नोटा?” असें म्हणून तिनें तांदूळ निवडण्यास घेतले. मीं प्रश्न विचारला तो जेवणाच्या वेळीं, भाऊ, भावजया, सुना, सर्वांच्या देखत. चौसष्ट वर्षें जी गोष्ट तिनें जिवापाड जपली, ती चारचौघांत ती कशी सांगेल? एकांतीं विचारलें असतें तर कदाचित् ते चार हजार रुपये वांचले असते. रक्कम मोठी नव्हे. परंतु आपल्या अंत्यविधीचा भारही भाच्यावर पडूं नये, म्हणून ते जमविलेले होते. तो तिचा मान माझ्या अविचारानें रद्द झाला.

पोस्टाच्या पुस्तकाचें काम मृत्यूचा दाखला व वारसांचे कागद देऊन मार्गीं लागत आहे. बँकांच्या बाबतींत, दहा वर्षें कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं स्थापिलेल्या निधींत जातात. तरीही ठेवीदाराचा वा त्याच्या वारसांचा हक्क बुडत नाहीं, आपल्या बँकेकडे मागणी करतां येते. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठीं २०२३ पासून ‘उद्गम’ नांवाची सोयही झाली आहे. घरांत कोणी गेलें असेल तर तेथें एकदां अवश्य पाहावें.

परंतु खरी सोय घरांतच करावी लागेल. आपल्या घरांतील वृद्ध स्त्रीजवळ जाऊन शांतपणें बसा. तिचें काय आहे तें तिचेंच राहील, अशी तिची खात्री पटवा, आणि मग एका वहींत तिच्या हातूनच तें लिहून घ्या. जोगळटेंबीच्या धन्याला असें विचारणारें कोणी राहिलें नसेल. आमच्या आत्याजवळ तर मी होतों.

ते २१ रुपये आम्हीं मोडले नाहींत. तिच्या दिवसांचा खर्च तर होऊनच गेला होता. पोस्टांतून जी रक्कम येईल ती माझ्या नातीच्या नांवें, तिच्या स्वतःच्या खात्यांत ठेवण्याचें ठरलें आहे. तें पुस्तक तिनें पिंपांत न ठेवतां टेबलावर ठेवावें, इतकेंच मीं तिला सांगितलें आहे.