इंजिनाचे तीन रंग

मराठी साहित्यात यंत्राच्या वाट्याला बहुधा दोन भूमिका आल्या आहेत. एक, उद्याची चाहूल घेऊन येणाऱ्या पाहुण्याची. दुसरी, गावगाडा मोडणाऱ्या परक्याची. पहिल्या भूमिकेचे ठळक उदाहरण किर्लोस्करवाडीचे. ज्या वसाहतीत लोखंडी नांगर आणि पंप घडत होते, तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके आली. दुसऱ्या भूमिकेसाठी आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) आठवावी. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि नारबाचे जनावरांशी जोडलेले सारे जग उठून जाते. दोन्ही भूमिका खऱ्या आहेत. पण दोहोंत यंत्र सदैव चालू असते. बंद पडलेले, उघडलेले, अंगणात गोणपाटावर सुटे मांडलेले आणि पुन्हा बांधून चालू केलेले यंत्र आमच्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ दिसतच नाही. मराठवाड्यात मात्र यंत्राचे खरे आयुष्य याच तिसऱ्या अवस्थेत गेले आहे. हा लेख त्या अवस्थेबद्दल आहे.

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये जुने इंजिन नव्याने बांधण्याची एक प्रतिष्ठित परंपरा आहे. १९६४ सालच्या पॉन्टिॲक जीटीओपासून ज्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हटले जाऊ लागले, त्यांची आठ सिलिंडरांची इंजिने हौशी लोक आजही खोलतात, घासतात आणि रंगवतात. शेवरलेचे नारिंगी, फोर्डचे निळे, पॉन्टिॲकचे फिके निळे अशा रंगांवर तिथे वाद झडतात आणि पुस्तकेही निघतात. त्या जीटीओची शक्ती ३२५ अश्वशक्ती होती. नांदेड-लातूरच्या शिवारात घरी बांधले गेलेले इंजिन साधारण ५ अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे आणि विहिरीच्या काठावरचे. तिथे इंजिन उघडणे ही हौस असते. इथे ती पिकाची निकड होती. पाण्याची पाळी आठवडाभर चुकली तर इंजिन चांगले बांधले की वाईट, याला फारसा अर्थ उरत नसे. फरक एवढाच नाही. तिथल्या कामाचा लिखित इतिहास आहे, इथल्या कामाचा नाही.

आमच्या भागात यंत्र प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले ते आगगाडीच्या रूपाने. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ साली लातूरला पोहोचला. नांदेड मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आले. पण आगगाडीचे इंजिन उघडण्याचा अधिकार कारखान्याचा होता, गावाने ते लांबून पाहायचे. जे इंजिन गावाच्या हाती लागले ते डिझेलचे. त्याची दोन घराणी सांगता येतील. एक संथ चालीचे. इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९२९ पासून बनवलेले, मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेणारे, दोन जड चाकांचे इंजिन. त्याच्या धर्तीवर राजकोटला पुढे असंख्य इंजिने तयार झाली. पिठाच्या गिरणीचा जो ठोका गावभर ऐकू जात असे, तो याच घराण्याचा. दुसरे घराणे जलद चालीचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली. तिचे मिनिटाला १५०० फेऱ्यांचे ५ अश्वशक्तीचे इंजिन विहिरीवर पंपाला जोडले गेले. मोट सुटली आणि मोटेच्या जागी जे आले ते बैलासारखेच आजारी पडणारे होते. फक्त त्याचा वैद्य गावच्या परंपरेत नव्हता.

त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) सुतार आहे, लोहार आहे, त्यांचे बलुते आहे. इंजिनाच्या मिस्त्रीला तिथे जागा असणे शक्यच नव्हते. तो नंतर आला. धान्याने नव्हे, रोखीने बांधला गेला. त्याचे नावही बाहेरचे: ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून आला असे मानतात. त्याच्याकडे शिकणारी पोरे त्याला ‘उस्ताद’ म्हणत, म्हणजे गवयाला देतात तोच मान.

या उस्तादाची पहिली विद्या धूर वाचण्याची. इंजिन उघडण्याआधी तो चालू इंजिनाच्या नळीकडे पाहतो. काळा धूर म्हणजे पुरते न जळलेले डिझेल: भार जास्त, हवा कमी किंवा नोझल बिघडलेले. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल वर चढून जळते आहे. रिंगा झिजल्या, ‘इंजिन ऑइल खातंय’. पांढरा धूर म्हणजे डिझेल पेटण्याइतकी उष्णता तयार होत नाही किंवा आत पाणी उतरते आहे. निदान करताना तो जे शब्द वापरतो ते शरीराचे आहेत. इंजिन ‘दम धरत नाही’, पाइपाने ‘हवा धरली’, पंप ‘पाणी उचलत नाही’. हा इंजिनाचा पहिला रंग, आणि तो आजाराचा आहे.

दुसरा रंग क्वचितच कोणाला दिसतो. हेड उतरले, पिस्टन बाहेर आला, काजळी खरवडली, घमेल्यातल्या रॉकेलमध्ये भाग धुऊन झाले की खरे काम सुरू होते. सिलिंडरच्या भिंतीवर वरच्या बाजूला, जिथे रिंगांचा प्रवास संपतो, तिथे बोटाला एक कंगोरा लागतो. कंगोऱ्याखालची भिंत झिजली, वरची तशीच राहिली, म्हणून तो उमटतो. कंगोरा किती, यावर नुसत्या रिंगा बदलायच्या की लाइनरही, हे ठरते. नवी रिंग आधी सिलिंडरमध्ये एकटीच सरकवून तिच्या दोन टोकांतली फट पाहतात. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंत ओरबाडते. फार जास्त असेल तर दाब निसटतो. जुन्या घडणीच्या इंजिनात बेअरिंगला पांढऱ्या धातूचे अस्तर असते. ते दांड्यावर नीट बसते की नाही हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून दांड्याला निळीचा अगदी पातळ हात द्यायचा, बेअरिंग चढवून फिरवायचे आणि उतरवून पाहायचे. जिथे निळे डाग उमटले तेवढेच उंचवटे टेकतात. ते हलके खरवडायचे, पुन्हा निळी, पुन्हा खरवड. डाग सर्वत्र सारखे पसरले की बेअरिंग बसले. मग ती निळी पुसून टाकायची. तयार इंजिनात तिचा मागमूस राहत नाही.

हा रंग झाकण्यासाठी लावत नाहीत, दाखवण्यासाठी लावतात. संहितेचे संपादन करणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटावी. दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे भिडतात हे पाहण्यासाठी तोही एक तात्पुरती खूण करतो आणि काम झाल्यावर ती पुसतो.

तिसरा रंग सर्वांना दिसतो: अंगावरचा. ग्रीस आणि गंज तारेच्या ब्रशाने काढून, रॉकेलने पुसून, तांबडा ऑक्साइड देऊन त्यावर एनॅमलचा हात. जिथे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसायचे तिथे रंग लागता कामा नये, आणि धुराच्या नळीवर साधा एनॅमल टिकत नाही, करपून सुटतो. एवढे नियम पाळले की पुढे मालकाची मर्जी. कोणी कंपनीचा मूळ रंग आणतो, कोणी बैलाच्या शिंगांना लावतो तसला भडक. जाणता मिस्त्री मात्र रंग सर्वांत शेवटी देतो. आधी इंजिन चालवून पाहतो. विकत घेणारा जाणता असेल तर ताज्या रंगाने सावधच होतो.

या तिसऱ्या रंगाशी एक विलक्षण योगायोग जोडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही असे आढळले, तेव्हा ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले. किर्लोस्करवाडीला १९१० साली जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. मासिकांचे संपादक शं. वा. किर्लोस्कर चित्रकला शिकले ते लाहोरला पंडित सातवळेकरांकडे. महाराष्ट्राच्या यंत्रयुगाच्या उगमाशी इतके चित्रकार होते, म्हणूनच की काय त्याचे चित्र उत्तम रेखले गेले. कारखाना, वसाहत, मासिक, आत्मचरित्र, सारे शब्दांत आले. तो इतिहास मोलाचा आहे. पण तो घडवणाऱ्यांचा इतिहास आहे. कारखान्यातून इंजिन एकदाच निघते. पुढे वर्षानुवर्षे ते जिवंत ठेवणाऱ्यांचा इतिहास वेगळा, आणि तो बोलीत राहिला.

ती बोलीही कोणत्याच राज्याने लिहून घेतली नाही. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ (१९१८) उर्दू माध्यमात शिकवू लागले. त्यासाठी १९१७ सालीच भाषांतर विभाग उभा राहिला आणि शास्त्रांचे उर्दू शब्द पाडले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि मराठी परिभाषा कोश निघू लागले. एका टांकसाळीत अरबी-फारसी धातू होता, दुसरीत संस्कृत. दोन्हींची नाणी मिस्त्रीच्या गल्ल्यात पडली नाहीत. त्याने इंग्रजी ‘बोअर’, दखनी ‘खोलणे’ आणि मराठी ‘बांधणे’ एकाच वाक्यात वापरले: ‘बोअर गेलाय, इंजिन खोलून बांधावं लागंल.’ किर्लोस्करांच्या मासिकाच्या नावातून ‘खबर’ पुढे गळाली. उस्तादाच्या वाक्यातून असे काहीच गळाले नाही. या शब्दांना अशुद्ध म्हणण्यापूर्वी एवढे पाहावे की याच शब्दांनी कामे झाली आणि हे शब्द कळणाऱ्या पोराचे बोट शाबूत राहिले.

आता ही बोली विझत चालली आहे, आणि कारण साधे आहे: पाणी खाली गेले. विहिरीच्या काठावरचे इंजिन फार खोलवरून पाणी ओढू शकत नाही; हवेच्या दाबाची मर्यादाच ती आहे. पाणी शेकडो फूट खाली गेल्यावर विजेचा पाणबुडी पंप नळीतून आत सोडावा लागतो. तो अंगणात ऐकू येत नाही, धूर सोडत नाही, बिघडला तर वर काढून दुकानात न्यावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा किती इंजिने कोरड्या विहिरींच्या काठी गंजत उभी होती, याची मोजदाद कोणी केली नाही.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना यात काम आहे. लोकगीते गोळा करायला आपण खेड्यात गेलो, जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. गिरणीच्या इंजिनापाशी कोणी वही उघडली नाही. नांदेड-लातूरच्या मोंढ्यांमागे, बसस्थानकांजवळ अजून काही उस्ताद आहेत. त्यांना धुराचे रंग विचारावेत आणि त्यांची वाक्ये आहेत तशी उतरवावीत. ‘बोअर’ या एका शब्दापासून सुरुवात केली तरी चालेल. ज्या शब्दाने जुना मिस्त्री सिलिंडरची भिंत दाखवतो, त्याच शब्दाने त्याचा नातू जमिनीतले भोक दाखवतो. पहिल्यातला कंगोरा बोटाला लागत असे. दुसऱ्यात हात घालता येत नाही.