कॉफी नसलेल्या ग्लासातली कॉफी

गेल्या महिन्यात एक मोठं रिलीज पार पडलं, म्हणून आम्ही चौघं पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत गेलो. मी कॉफी स्टाऊट मागवली. चिकमगळूरची कॉफी घातलेली, काळीकुट्ट, वर बदामी फेस. आधी गार झालेल्या फिल्टर कॉफीची चव, मग डार्क चॉकलेट, शेवटी करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडवटपणा. वेटरने शेजारी साध्या स्टाऊटचा छोटा ग्लास ठेवला. "यात कॉफी नाहीये हां, सर."

चाखून पाहिली. कॉफी तिच्यातही होती!

घरी येऊन शोधत बसलो, आणि थेट अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पोहोचलो. तिथे तपकिरी रंगाची एक बिअर हमालांमध्ये इतकी लोकप्रिय होती, की तिला नावच 'पोर्टर' पडलं. तिचा कडक प्रकार म्हणजे 'स्टाऊट पोर्टर'. पुढे पोर्टर गळून नुसतं स्टाऊट उरलं.

आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो, तसंच बार्लीला मोड आणून भट्टीवर वाळवलं की माल्ट तयार होतं. पोर्टरसाठी लाकडाच्या आचेवर चांगलं तपकिरी केलेलं माल्ट वापरत. रंग आणि चव दोन्ही तिथूनच यायचं.

मग मोजमाप आलं. 1784 मध्ये जॉन रिचर्डसनने बिअर बनवणाऱ्यांसाठी सॅकरोमीटरवर पुस्तक लिहिलं. सॅकरोमीटर म्हणजे द्रवात तरंगणारं मापक. साखर जितकी जास्त, तितकं ते वर राहतं. साखरेचीच पुढे दारू होते. मापक बुडवल्यावर कळलं, की तपकिरी माल्ट स्वस्त असलं तरी त्यातून साखर फार कमी निघते. फिकं माल्ट महाग, पण हिशेबात परवडणारं. मग कारखान्यांनी तपकिरी माल्ट कमी कमी करत नेलं. आकडा सुधारला, पोर्टर मात्र फिकी पडली.

हे वाचताना मी थांबलो. मागच्या वर्षी आमच्या टीमलाही एकच आकडा दिला होता: ग्राहकाची चॅट किती मिनिटांत संपते. दहा मिनिटं उत्तर आलं नाही की चॅट आपोआप बंद करणारा कोड मीच लिहिला. डॅशबोर्ड हिरवागार झाला, माझं कौतुकही झालं. मग एके दिवशी आईचा फोन आला, "अरे, मी चष्मा शोधून चार शब्द टाइप करेपर्यंत तुमचं ते बंदच होतं."

लंडनच्या गिऱ्हाइकालाही पोर्टर काळीच हवी होती. म्हणून कारखानदारांनी जळकी साखर घालून रंग आणायला सुरुवात केली. काही जण तर कमी माल्टमध्ये नशा चढावी म्हणून मलबारकडची काकमारी घालत, जिच्या बिया आपल्याकडे मासे गुंगवायला वापरतात. फ्रेडरिक अकमने 1820 च्या भेसळीवरच्या पुस्तकात हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. सरकारची चिंता वेगळीही होती: कर माल्टवर होता, आणि माल्टऐवजी दुसरं काही घातलं की तो बुडायचा. 1816 मध्ये संसदेने जळक्या साखरेसारखे रंग घालण्यावर बंदी आणली.

आता फिक्या माल्टची बिअर कायद्यात राहून काळी कशी करायची? 1817 मध्ये डॅनियल व्हीलरने पेटंट घेतलं. कॉफी भाजतात तशा फिरत्या लोखंडी नळकांड्यात त्याने माल्ट जवळजवळ काळं होईपर्यंत भाजलं. नळकांडं फिरत राहिल्यामुळे ते जळून राख होत नाही. असं थोडंसं माल्ट अख्ख्या पिंपाला काळं करतं. बाकीचं माल्ट फिकंच राहतं, आकडाही बिघडत नाही.

माझ्या दुसऱ्या ग्लासातली कॉफी ही अशी आली. कॉफीचं बी असो की बार्ली, भाजताना होणाऱ्या रासायनिक क्रिया बऱ्याच सारख्या आणि वासही त्याच कुळातले.

व्हीलरचं पेटंट मात्र टिकलं नाही. त्यावर नाव होतं माल्ट वाळवण्याच्या आणि तयार करण्याच्या पद्धतीचं. आत वर्णन होतं तयार माल्ट भाजून त्याचा रंग करण्याचं. 1819 मध्ये न्यायालयाने ते रद्द ठरवलं. फंक्शनचं नाव एक आणि आत काम भलतंच, असा कोड रिव्ह्यूत आमचाही अडकतो.

पण त्याची युक्ती मला पटली. त्याने मापक फेकून दिलं नाही. मापकाला न दिसणारी गोष्ट त्याने वेगळी भाजून परत आत घातली. सोमवारी मी मॅनेजरना म्हणालो, दहा मिनिटांची मर्यादा राहू द्या, पण समोरचा टाइप करत असेल तर घड्याळ थांबवू. ते म्हणाले, "आकडा थोडा वाढेल." मी म्हणालो, "वाढेल."

आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तिच्याच फोनवर टेस्ट करणार आहे, चष्मा लपवून ठेवून.