नांगर, दोर आणि साखळी

मराठीत 'नांगर' शेतकऱ्याचाही आहे आणि खलाशाचाही. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'पासून आला. समुद्रावरच्या नांगरामागे फारसी 'लंगर' असावा आणि उच्चारसाम्यामुळे दोघे एकाच घरात नांदू लागले असावेत, असे आम्हांस वाटते. एक जमीन फाडीत पुढे जातो, दुसरा जमिनीत रुतून पुढे जाऊ देत नाही.

'जहाजाने बंदरात नांगर टाकला' हे वाक्य आपण कादंबऱ्यांतून किती वेळा वाचले असेल! जोसेफ कॉनराडला त्याचा इंग्रजी अवतार मुळीच खपत नसे. 'द मिरर ऑफ द सी' (१९०६) या पुस्तकात त्याने तक्रार केली आहे, की नांगर 'फेकला' जातच नाही. तो नाळेवर तयार टांगलेला असतो, त्याला केवळ सोडून द्यायचे असते. कॉनराड स्वतः वर्षानुवर्षे जहाजांवर राबलेला, त्यामुळे ही निव्वळ शब्दांची कुरकुर नव्हे. आम्ही तीत थोडी भर घालू इच्छितो: त्या वाक्यात नांगर दिसतो, पण नांगर आणि जहाज यांच्यामध्ये काय आहे, ते दिसत नाही. दोर की साखळी, किती लांब, कोणी घडविलेली? माणसे बुडाली की तरली, हे पुष्कळदा तेथेच ठरले आहे.

लोखंडी साखळीची कल्पना नवी नाही. इ. स. पूर्व ५६ मध्ये ज्युलियस सीझर ब्रिटनीच्या किनाऱ्यावर व्हेनेती या दर्यावर्दी लोकांशी लढला. त्यांचे नांगर दोराऐवजी लोखंडी साखळ्यांना बांधलेले असत, अशी नोंद त्याने गॉलमधील युद्धांच्या वृत्तान्तात करून ठेवली आहे. आणि तरीही त्यानंतर सुमारे अठराशे वर्षे युरोपची मोठमोठी आरमारे हेंपच्या दोरावरच विसंबून राहिली. हे दोर माणसाच्या मांडीहून जाड असत; भिजले की जड होत, कुजत, आणि खालच्या डेकवर त्यांच्या वेटोळ्यांनी प्रचंड जागा व्यापलेली असे. मग साखळी का नको? कारण साखळी तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच बळकट असते, आणि ती दुबळी कडी कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. दोर झिजला की तंतू बाहेर येतात, हात फिरवला तरी समजते. लोखंडातला दोष मात्र आत दडून राहतो.

दोराची किंमत बूगँव्हिल या फ्रेंच कप्तानाने १७६८ साली ताहितीला मोजली. तळाशी प्रवाळ, त्यावर घासून दोर तुटत गेले आणि नऊ दिवसांत त्याने सहा नांगर गमावले! त्यांतला एक बेटकऱ्यांनी वर काढला आणि तो बोराबोरा बेटाच्या राजाकडे जाऊन पोहोचला. १७७७ मध्ये कॅप्टन कुकने तो राजाकडून मिळवला. जहाज रोखण्यासाठी नव्हे, तर त्याचे लोखंड वितळवून देवघेवीसाठी हत्यारे घडविण्यासाठी. वस्तूंची चरित्रे माणसांच्या चरित्रांहून कमी रंजक नसतात. असो.

साखळीचे युग सुरू झाले ते १८०८ च्या सुमारास. सॅम्युअल ब्राउन या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने 'पेनेलोपी' नावाचे जहाज लोखंडी साखळ्यांनी सजवून वेस्ट इंडीजला नेऊन आणले. १८१३ मध्ये टॉमस ब्रंटनने कडीच्या मधोमध आडवी खुंटी बसविण्याचे पेटंट घेतले. त्यामुळे ताण पडला तरी कडी चेपत नाही आणि साखळीला पीळ पडून गुंता होत नाही. मोठ्या जहाजांची साखळी आजही अशीच असते. परंतु ब्राउनचे खरे महत्त्व आमच्या मते दुसरीकडे आहे. साखळी विकण्यापूर्वी यंत्रावर ताणून पाहण्याची पद्धत त्याने रुळवली. जे डोळ्यांना दिसत नाही, ते ताणून पाहायचे.

ही परीक्षा सक्तीची व्हायला मात्र अर्धे शतक जावे लागले.

२५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेले 'रॉयल चार्टर' हे वाफेचे जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडले. उतारूंमध्ये ऑस्ट्रेलियातल्या खाणींतून सोने घेऊन परतणारे अनेक जण होते. अकराच्या सुमारास दोन्ही नांगर सोडण्यात आले. रात्री दीडच्या सुमारास डावीकडची साखळी तुटली, तासाभराने उजवीकडची. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून डोलकाठ्या तोडल्या, इंजिने चालू ठेवली, पण जहाज खडकांवर गेले ते गेलेच. सुमारे साडेचारशे माणसे मेली. जे थोडे वाचले, त्यांतील काहींना जोसेफ रॉजर्स नावाच्या खलाशाने वाचवले. तो लाटांतून पोहत किनाऱ्यावर पोहोचला तो एक दोर बरोबर घेऊनच.

साहित्याच्या अभ्यासकांना हे जहाज डिकन्समुळे ठाऊक असेल. तो त्या वर्षअखेरीस तेथे गेला आणि 'द अनकमर्शियल ट्रॅव्हलर'मध्ये त्यावर लिहिले. त्या लेखाच्या केंद्रस्थानी साखळी नाही. आहे तो प्रेतांची ओळख पटवीत, नातलगांना हजाराहून अधिक पत्रे लिहीत बसलेला गावचा पाद्री. लेखकाने काय निवडावे हे लेखकाने ठरवावे. पण इतिहास वाचणाऱ्याने त्या पत्रांमागे दोन तुटलेल्या कड्याही पाहाव्यात. परीक्षा न झालेली साखळी व नांगर विकण्यास बंदी करणारा ब्रिटिश कायदा आला तो १८६४ मध्ये.

आणि कड्या घडवणारे हात? इंग्लंडमधील क्रेडली हीथ येथे घरामागच्या लहान भट्ट्यांत बायका लहान साखळ्या ठोकीत. १९१० मध्ये मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी दहा आठवडे संप करून किमान वेतन पदरात पाडून घेतले. नांगराच्या कथांत हे पान सहसा येत नाही.

नांगर वजनाने जहाज धरून ठेवतो, हा समजही पुष्कळ काळ टिकला. खरे पाहता ओढ आडवी राहिली तरच फाळ तळात रुततो. ती वर उचलली गेली की उपटतो. म्हणून लांबी महत्त्वाची: खोलीच्या तिप्पट-पाचपट साखळी, आणि दोर असेल तर सातपट, असा नौकाधारकांचा ठोकताळा आहे. साखळीच्या वजनाने पडणारा झोल मंद वाऱ्यात ओढ आडवी ठेवतो. झंझावातात तो जवळजवळ नाहीसा होतो, आणि मग उरते ती लांबीच. तळ वाळूचा, चिखलाचा की खडकाळ, यावर नांगराचा आकार ठरतो.

केंब्रिजचे गणिती जी. आय. टेलर यांनी १९३३ मध्ये समुद्रविमानांसाठी हलका नांगर रचला, तेव्हा वजनावरची ही भिस्त सोडूनच. आकारासाठी ते वळले शेतातल्या नांगराकडे. इंग्रज खलाशी त्या नांगराला नांगराच्या फाळासारखा म्हणून 'प्लाऊ अँकर' म्हणतात. त्याचे मराठी भाषांतर करायला बसावे, तर 'नांगर-नांगर' याखेरीज दुसरे काही सुचत नाही.